गुडघा फोडणारा आता आपला

डेंटर गाडीच्या दाराचा पोचा काढत बसला होता, तेवढ्यात गॅरेजमधल्या पेंटरने मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. "बघ, आपल्या हॉकी क्लबने कोणाला घेतलंय! आता बचावाची काळजी मिटली."

फोटो पाहून डेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच बॅकच्या स्टिकने त्याच्या धाकट्या भावाचा गुडघा फुटला होता. भाऊ तेव्हा क्लबचा सेंटर फॉरवर्ड होता. आता त्याच क्लबात खेळाडूंच्या स्टिका आणि पॅड सांभाळायचा. जिना चढताना कठडा सोडायचा नाही.

"भावाचं राहू दे," पेंटर म्हणाला, "खेळाडू म्हणून कसा आहे?"

तेच तर दुखणं होतं. डेंटरचं अर्धं आयुष्य हॉकीच्या मैदानाच्या कठड्याशी गेलेलं. आपली डावी बाजू म्हणजे उघडं फाटक, हे त्याला दिसत होतं. आणि या माणसाला चकवताना भल्याभल्यांची दमछाक होते, हेही. दुसरा कोणी असता तर डेंटरनेच गॅरेजभर चहा पाजला असता.

"कसाई आहे," एवढंच म्हणून त्याने हातोडी हाणली. पत्रा सरळ व्हायचा तो आणखी चेपला.

संध्याकाळी भाऊ घरी येताच त्याने सुरुवात केली. "उद्याच्या उद्या नोकरी सोड. त्या हरामखोराच्या स्टिकला तू ग्रिप गुंडाळणार? क्लबवाल्यांना काही लाजलज्जा?"

भाऊ खुर्चीवर बसला, पाय लांब केला. "दादा, कोचना त्याचं नाव मीच सुचवलं."

"काय?"

"मी हॉस्पिटलमध्ये होतो ना, तेव्हा तो यायचा. तू कामावर असायचास. पहिल्या दिवशी तर माझ्यापेक्षा तोच जास्त रडला. वहिनीला विचार."

डेंटरने बायकोकडे पाहिलं. ती पाठमोरी भांडी घासत राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं मला वेड्यात काढलंत दोघांनी?"

"त्याला शिव्या घातल्या की तुला बरं वाटायचं. म्हणून गप्प बसलो," भाऊ म्हणाला. "पण दादा, येईल त्याला तू माझा गुडघा दाखवायचास. लग्नात, दुकानात, कुठेही. मी गोल मारायचो, हे कधी कोणाला सांगितलंस?"

त्या आठवड्यात दोघांत कामापुरतंच बोलणं झालं.

तरी पहिल्या सामन्याला तो गेलाच. आपण एका गोलने पुढे होतो आणि अगदी शेवटी समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. फटका गोलकीपरला चुकवून गेला. नव्या बॅकने झेप घेऊन तो गोलरेषेवर अडवला. सगळा स्टँड उभा राहिला. डेंटरने आवरायच्या आत त्याच्या तोंडून आरोळी निघून गेली होती.

शिट्टी झाली. बॅक धावत सुटला तो थेट बाकाकडे. त्याने भावाला कवेत घेऊन वर उचललं आणि भाऊ मोठ्याने हसला. असं हसताना डेंटरने त्याला घरी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

गर्दी गाणी म्हणत होती. डेंटर कोपरं मारत बाहेर पडला.

"काय झालं?" बायकोने दार उघडत विचारलं.

"जिंकलो," तो म्हणाला, आणि न जेवताच आडवा झाला.

पुढच्या सामन्याचं तिकीट त्याने काढलं नाही. का, म्हणून भावानेही विचारलं नाही.