जोनचा शेवटचा प्रवेश

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात नाटक लिहिणं सोपं. ते मंडळाच्या तावडीतून धडधाकट बाहेर काढणं महाकठीण. उपासनाला हे शहाणपण आलं शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात, म्हणजे नाटक लिहून झाल्यावर.

नाटक जोन ऑफ आर्कवर होतं. पावणेसहाशे वर्षांपूर्वीची फ्रान्समधली खेडवळ, निरक्षर पोर. हातात निशाण घेऊन राजाच्या फौजेपुढे चालली, शत्रूच्या हाती सापडली आणि एकोणिसाव्या वर्षी जाळली गेली. पुढे तिला संत केलं, ते निराळं. उपासनाने वर्षभर लायब्ररी पालथी घातली होती. एका इंग्रज नाटककाराने तिला चक्क चेटकीण केलेलं, एका जर्मनाने चितेवर न चढवता रणांगणावर मारलेलं, एका मूकपटात नुसता तिचा चेहराच चेहरा. उपासनाला यातलं काही नको होतं. तिला हवा होता तो कागद. खटल्यात भेदरलेल्या जोनपुढे विद्वान मंडळी 'माझंच चुकलं' असा कागद सरकवतात. तिला वाचता येत नाही. ती खूण करते. आणि चार दिवसांनी ती खूण परत घेते.

हा प्रवेश तिने आईसाठी लिहिला होता. रत्नाबाई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि बुधवारी परत निघणार होत्या. उपासना पाच वर्षांची असताना बाबांचा हात कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये गेला आणि आठवड्याभरात बाबाही गेले. तेव्हा मॅनेजरने आणलेल्या कागदावर आईने अंगठा दिला होता. मशीन चांगली होती, चूक कामगाराची होती, असं त्यात लिहिलेलं. त्याची नक्कल पेटीत होती. शाळेत धडाधड वाचायला लागल्यावर उपासनानेच ती आईला मोठ्या आवाजात वाचून दाखवली. त्यानंतर मायलेकी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

पहिल्या तालमीला मंडळाचे अध्यक्ष नरेंद्रकाका खूश झाले. "झकास! ऐतिहासिक आहे, तर आपला पेटारा वापरू ना!" पेटारा म्हणजे कुणीतरी पुण्याहून आणलेल्या पगड्या, अंगरखे आणि पत्र्याच्या तलवारी. फ्रेंच फौज मावळ्यांच्या वेशात उभी राहिली. मग जोनने जिंकलेल्या ऑर्लिन्सच्या लढाईवर पोवाडा घुसला. मग प्रत्येक सभासदाचं मूल स्टेजवर दिसलंच पाहिजे, या नियमाने फौज तेवीसवर गेली. उपासना दातओठ खात गप्प राहिली. शेवटचा प्रवेश शाबूत होता ना, मग घाला म्हणावं काय घालायचंय ते.

संमेलनाच्या दिवशी, पडद्याला अर्धा तास उरला असताना, काकांनी तोही मागितला.

"उपासना, एक छोटा चेंज. ऑर्लिन्स जिंकलं की पडदा पाडू. एक वाजता जेवण सर्व्ह करायचंय, पुऱ्या गार होतील यार. आणि फॅमिली प्रोग्रॅममध्ये जाळपोळ कशाला?"

"काका, तोच तर मेन सीन आहे! बाकी सगळं त्याच्यासाठी लिहिलंय."

"अगं, त्या जर्मनाने पण एंड चेंज केला ना? मीटिंगमध्ये तूच सांगितलंस. आपण तर तिला जिवंत ठेवतोय!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर एवढी पुस्तकं वाचली, ती याच्या हातात कोलीत द्यायला! जोनचं काम करणारी पंधरा वर्षांची इशिता कावरीबावरी होऊन म्हणाली, "बट मावशी, आय लर्न्ड ऑल माय लाइन्स."

समोर तेवीस मुलांचे आईबाप कॅमकॉर्डर सरसावून बसले होते. उपासनाच्या अंगात भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. ती हो म्हणाली.

पोवाडा रंगला. ऑर्लिन्स जिंकलं, शिट्ट्या झाल्या, पडदा पडला आणि माईकवरून जेवणाची घोषणा झाली. उपासना संहिता काखेत मारून तडक पार्किंगमध्ये गेली. बोचऱ्या वाऱ्यात शाल सावरत रत्नाबाई मागून आल्या.

"झालं नाटक?"

"झालं."

"असं कसं? खेड्याची पोर, न शिकलेली, राजाच्या माणसाइत जाऊन उभी झाली. सोडलं असंन का तिले कोणी? काय झालं मंग तिचं?"

सगळ्या हॉलमध्ये हे विचारावंसं वाटलं ते एकट्या तिच्या आईला. गाडीला टेकून उपासनाने सगळं सांगितलं. आधी रागारागाने, नरेंद्रकाकांचा उद्धार करत. कागदापाशी आल्यावर मात्र तिने काकांना सोडून दिलं. "चार दिवसांनी ती म्हणाली, ते खरं नाही. मी भिऊन खूण केली."

"मंग?"

"मग जाळलं तिला."

जाळल्याचं रत्नाबाईंच्या कानावर पडलंच नसावं. त्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

"वापस घेता येते? देल्लेला अंगठा?"

"येतो, आई."

"मले कोणी सांगतलंच नाही," रत्नाबाई म्हणाल्या. "तू वाचून दाखवलं, तवा तूबी नाही."

इतका वेळ मंडळावर धरलेला राग आता कुणावर काढायचा, ते उपासनाला कळेना.

रत्नाबाईंनी तिच्या काखेतली संहिता ओढून घेतली. न झालेल्या प्रवेशाची पानं सर्वांत खाली होती. त्यातलं शेवटचं पान उलटं करून त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि उडू नये म्हणून त्यावर तळहात दाबून धरला.

"पेन काढ," त्या म्हणाल्या. "मी सांगतो, तू लिही. मशीन खराब होती."