सात गाठींचा दोरा

शिवमूर्ती मिस्त्रींनी जन्मात कधी माप कागदावर लिहून ठेवलं नाही. बँडचे बाजे दुरुस्त करणारा माणूस. वेटोळ्या नळीला फूटपट्टी लावून करणार काय? ते मेण लावलेला सुती दोरा घ्यायचे, नळीच्या वळणावरून बोटानं दाबत दाबत न्यायचे आणि कापायच्या जागी दुहेरी, वाकवायच्या जागी एकेरी गाठ मारायचे. मग तो दोरा भिंतीवरच्या खिळ्याला. काम झालं तरी काढायचे नाहीत.

"बाजा परत येतोय, बाळ," ते मुलीला सांगायचे. "आदळून येतोय, चेपून येतोय. त्याचं मूळचं काय होतं ते कुणीतरी ध्यानात ठेवाय नको?"

पापाच्या तिकटीजवळच्या बोळातलं ते दुकान. भाता, ऐरण, राळेचा डबा आणि भिंतभर धुरानं काळे पडलेले दोरे. विद्याश्री शाळेतून आली की दोऱ्याचं दुसरं टोक धरायचं काम तिच्याकडे असायचं. "घट्ट धर, पण ओढू नको. ताणलेला दोरा खोटं बोलतो." पुढे ती शिकली, हायस्कुलात इतिहास शिकवू लागली, राजारामपुरीत राहायला गेली. पुस्तकांनी तिचं घर भरलं. पण एवढ्या वाचलेल्या गोष्टींत हे वाक्य काही मागे पडलं नाही.

दोन हजार तीनच्या श्रावणात तिचे वडील, आप्पा, गेले. दिवाळीनंतर तिनं पहिल्यांदा दुकानाचं कुलूप काढलं, तेव्हा समोर स्टुलावर तो बेस बसलेला होता.

बेस म्हणजे बँडमधला सगळ्यांत थोरला बाजा, मागून घुमणारा. त्याला ट्युबा म्हणतात हे विद्याश्रीला पुस्तकातून कळलं होतं. बोळात त्याला बेसच म्हणत. हा मात्र कुठल्याही पुस्तकात सापडला नसता. त्याचा भोंगा एका मोडलेल्या सर्कशीच्या बँडचा. चाव्यांचा ठोकळा मिलिटरी बँडातल्या एका युफोनियमचा, म्हणजे बेसच्या धाकट्या भावाचा. मधली वळणं दोन वेगवेगळ्या बाजांची, एक पिवळं, एक तांबूस. फुंकायची नळी कुठली ते आप्पांनाच माहीत. आणि चाव्या उलट्या बाजूला, डाव्या हाताला.

तो कृष्णातसाठी होता. कृष्णात हंबीररावांच्या बँडमध्ये वीस वर्षं बेस वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी गावच्या गुऱ्हाळात ऊस सारताना चरकानं त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली. चाव्या दाबायची तीच बोटं. राहिला अंगठा आणि करंगळी. तेव्हा आप्पा म्हणाले होते, "डावा हात हाय न्हवं? मग डाव्या हाताचा बाजा करू."

दुसऱ्याच दिवशी कृष्णात आला. दुकान उघडलेलं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत येऊन बेसच्या भोंग्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली.

"ताई, मिस्त्री असताना मी कवा घाई केली न्हाई," तो म्हणाला. "आता करतोय. रागावू नका."

"बसा, कृष्णातदादा."

"बसतो की. पण हंबीरराव बसू देईना झालाय. तुळशीचं लगीन झालं की लग्नाच्या सुपाऱ्या सुरू. तवर बेस घेऊन आलो तर माझी जागा माझी. न्हाई तर शिरोळचा एक गडी बघून ठेवलाय त्यानं." तो हसला, पण हसू ओठांपर्यंतच राहिलं. "दोन हंगाम खुळखुळा हलवतोय मी ताई. वीस वर्सं बेस फुंकलेला माणूस. पोरं म्हणत्यात, मामा, वरातीत कशाला, पाळण्यापाशी बसा."

विद्याश्रीनं बेसकडे पाहिलं. पहिल्या चावीचं वेटोळं बसलेलं होतं, दुसरीचंही. तिसऱ्या चावीला मात्र नुसती दोन उघडी तोंडं होती. ती दाबली की वारा बाहेर. खालचे सूर त्या वेटोळ्यावाचून निघणार नव्हते, आणि खालच्या सुरांवाचून बेस कसला?

"एवढी एकच नळी राहिलीय," ती म्हणाली.

"व्हय. कपाटात ठेवलीय मिस्त्रींनी. ह्या तोंडाला बसंल अशी तेवढी एकच गावली त्यास्नी. मी गेलतो शेजारच्या सयाजी तांबटाकडं. तो म्हणला, वाकवतो, झाळून देतो, पण माप आण. एकदा कापली की पुन्हा लांब होत न्हाई." त्यानं भिंतीकडे मान केली. "माझा दोरा असंल की ह्यात. नवाच होता, पांढरा. मापं घेताना मी इथंच बसलोवतो."



"बघते," ती म्हणाली. "शोधून ठेवते."

कृष्णात गेल्यावर ती खिळ्यांसमोर उभी राहिली. सगळे दोरे काळे. एका खिळ्याला काहीच नव्हतं. शोधायचं काही नव्हतंच. तो दोरा कुठे आहे हे तिला कृष्णातनं 'पांढरा' म्हणताक्षणी कळलं होतं.

आप्पा दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्या गळ्यातली शिवदार जीर्ण होऊन तुटली. शिवदार म्हणजे इष्टलिंग गळ्यात अडकवायचा दोरा. तो तुटून चालत नाही, लिंग अंगावरून उतरून चालत नाही. आत्या, अक्काताई, लिंगाची चांदीची डबी मुठीत धरून बसली आणि विद्याश्रीला म्हणाली, "जा गं, चांगला दोरा घेऊन ये, पळ." बाजारापेक्षा दुकान जवळ. किल्ली पर्समध्येच होती. विद्याश्रीनं दार उघडलं, अंधारातच भिंत चाचपली आणि त्यातल्या त्यात स्वच्छ, पांढरा, नवा दोरा काढून नेला. देवाच्या कामाला काळा दोरा कसा न्यायचा? नवा दोरा म्हणजे चालू काम, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि नेमकं त्याच वेळी ते तिला आठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी आप्पा गेले. शिरोळच्या मळ्यात लिंगायत रीतीनं त्यांना मातीत बसवलं, लिंग आणि दोऱ्यासकट. माती ओढताना तिनं पाहिलंही नव्हतं.

संध्याकाळी तिनं आत्याला विचारलं. आत्या वात वळत होती.

"त्या दोऱ्याला गाठी होत्या का, आत्या?"

"होत्या की. सुटता सुटेनात. मेण लावलेलं. म्हटलं राहू देत, घाईत कोण बघतंय." आत्यानं वर पाहिलं. "का गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून कोण गाठी विचारतंय?"

विद्याश्री स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढचे चार दिवस ती रोज दुकानात जायची आणि शोधल्यासारखं करायची. कपाट लावलं. खिळे पुसले. पहिल्या चावीच्या वेटोळ्यावर दोरा धरून पाहिला, दुसऱ्यावर धरला, दोन्हींची बेरीज केली. बेरीज करून चालत नाही हेही तिला ऐकून माहीत होतं. तिसरी नळी दोन्हींच्या बेरजेहून केसभर जास्त ठेवतात. केस म्हणजे किती? ते आप्पांच्या कानात होतं आणि तिथून दोऱ्यात उतरलं होतं.

पाचव्या दिवशी कृष्णात पुन्हा आला. बरोबर हंबीररावही आले, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी.

"ताईसाहेब, तुमच्या वडलांचा मी मान ठेवतोय म्हणून थांबलोय," हंबीरराव म्हणाले, "न्हाईतर आता बँडच कोण मागतंय? ज्याला त्याला डॉल्बी पायजे. हाय तेवढ्या सुपाऱ्या नीट वाजवल्या तर उद्या पुन्हा कोण बोलवंल. ह्यो बाजा वाजणार हाय का तेवढं सांगा. सर्कशीचं तोंड, मिलिट्रीचं पोट, आणि शेपूट अजून न्हाईच!"

"शेपूट आलं की तुमच्या कानात वाजवतो," कृष्णात म्हणाला.

"वाजीव बाबा. परवापतुर वाजीव." हंबीररावांनी भोंग्यावर टिचकी मारली, ती बराच वेळ घुमली. त्यांनी मान हलवली, वाईट अर्थानं नव्हे, आणि ते निघून गेले.

कृष्णात थांबला. "गावला न्हाई व्हय, ताई?"

खोटं बोलायला शब्द तयार होते. उंदरानं नेला, झाडताना गेला. पण विद्याश्री स्टुलावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. दवाखाना, तुटलेली शिवदार, अंधारातला खिळा. आणि जे आत्यालाही सांगितलं नव्हतं तेही.

"दुसऱ्या दिवशी आप्पांचा हात सारखा दोऱ्यावर जात होता. बोटं एकेका गाठीवरून फिरत होती. मला वाटलं, जप चाललाय. मग माझ्याकडं बघून म्हणाले, 'हे इथं कसं आलं?' मी म्हटलं, 'आप्पा, बोलू नका, दम लागतोय.' ते गप्प झाले. थोड्या वेळानं पुन्हा मोजायला लागले. सात म्हणाले. सात बरोबर आहेत, असं." तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "मी त्यांना बोलू दिलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी म्हटलं, बोलू नका."

 बाहेर कुणीतरी सायकल टेकवली, घंटी वाजली.

"म्हंजे माझं माप मिस्त्रींच्या गळ्यात हाय," कृष्णात म्हणाला.

"हो."

"मग हारपलं न्हाई की. ज्याचं होतं त्याच्यापाशीच हाय." त्यानं उजव्या हाताचा अंगठा कपाळावर घासला. "तुमी रडू नका. तुमी रडलासा तर मी काय करू, मला रुमाल बी धड धरता येत न्हाई."

ती हसली आणि मगच तिचे डोळे भरले.

कृष्णात उठला, भिंतीपाशी गेला. तिथं एका ट्रॉम्बोनचा सरकता दांडा टांगलेला होता. भोंगा नसलेला, आणि निम्मा कापलेला. त्याच्या नळ्या आप्पांनी इकडेतिकडे वापरल्या होत्या. राहिलेला यू आकाराचा तुकडा अजून आत-बाहेर सरकत होता.

"ताई, मिस्त्रींनी तरी माप कुठनं आणलं? बाजालाच इचारलं असणार. आपुन बी इचारू."

"म्हणजे?"

"पैली आन दुसरी चावी मिळून दाबली की जो सूर येतोय, तोच तिसरी एकटी दाबली की आला पायजे. केसभर खाली. ह्यो दांडा तिसरीच्या तोंडाला लावू. तुमी सरकवत जावा. मी फुंकतो. सूर जुळला की थांबायचं."

रबराची नळी गॅसच्या दुकानातून आली. तिचे दोन तुकडे करून त्यांनी दांडा चावीच्या दोन तोंडांना जोडला, वरून तारेनं आवळला. दिसायला ते दवाखान्यातल्यासारखं दिसत होतं, असं विद्याश्रीच्या मनात आलं आणि तिनं ते मनातच ठेवलं. कृष्णातनं बेस मांडीवर घेतला. उजवा हात, अंगठा आणि करंगळी, त्यानं नळीखालून आधाराला घातला. डावी बोटं चाव्यांवर ठेवली. पहिला सूर फाटला.

"दोन वर्सं," तो म्हणाला. ओठ पुसले. पुन्हा फुंकला.

या वेळी पहिल्या दोन चाव्यांचा सूर आला. जमिनीतून यावा तसा. राळेचा डबा फळीवर थरथरला, भिंतीवरचे दोरे हलले. मग त्यानं तिसरी चावी दाबली. सूर वर गेला, वेडावाकडा.

"बाहीर सारा."

तिनं दांडा ओढला.

"आनखी. आनखी. जास्त झालं, मागं घ्या. लई मागं न्हाई, ताई, सासरला चाललाय व्हय?"

दोन्ही चाव्या, मग तिसरी. दोन्ही, मग तिसरी. तासभर तेच चाललं. शेजारचा तांबट सयाजी हातोडी खाली ठेवून दारात येऊन उभा राहिला. पहिल्यांदा विद्याश्रीला दोन सुरांतला फरक मोठा ऐकू येत होता, मग लहान, मग तो नुसता अंगाला जाणवू लागला, हवेत काहीतरी फडफडल्यासारखा. फडफड हळूहळू संथ झाली. थांबली.

"आलं," ती म्हणाली.

"आलं," कृष्णात म्हणाला. "आता केसभर."

"केस म्हणजे किती?"

"मिस्त्रींची पोरगी न्हवं तुमी? सारा की."

तिनं श्वास रोखला आणि अगदी किंचित बाहेर ओढलं. कृष्णातनं फुंकलं. सूर पूर्वीपेक्षा थोडा खाली, गादीवर बसावा तसा बसला. कृष्णातनं डोळे मिटले. दारातून सयाजी म्हणाला, "हात लावू नगा आता. तसंच ऱ्हाऊ द्या. माप घ्या."

विद्याश्रीनं फळीवरून नवा दोरा काढला, मेणाच्या वडीवरून तीन वेळा ओढला. एक टोक तिनं पहिल्या तोंडाशी धरलं. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. कृष्णातनं आपला उजवा हात पुढे केला. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत दोरा पकडला.

"घट्ट धरा," ती म्हणाली, "पण ओढू नका."

नळीच्या वळणावरून बोटानं दाबत दाबत तिनं दोरा नेला. कापायच्या जागी दुहेरी, वाकवायच्या जागी एकेरी. गाठी मारून झाल्यावर तिनं मोजल्या नाहीत. सयाजीनं मोजल्या, आणि तो दोरा आणि कपाटातली नळी घेऊन गेला.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी दुपारी बोळात हंबीररावांची शिट्टी वाजली. कृष्णात बेस खांद्याला लावून उंबऱ्यात उभा होता. नवं वेटोळं बाकीच्या पितळेत कोरं चमकत होतं. त्यानं सगळ्यात खालचा सूर लावला आणि धरून ठेवला, हंबीररावांनी हात वर करेपर्यंत.

"बास," हंबीरराव म्हणाले. "बोळ पाडतोस काय? पैल्या सुपारीला सहाला ये. इस्त्रीचा डगला घालून ये."

ते गेल्यावर कृष्णातनं खिशातून दोरा काढला. सयाजीच्या हातची काजळी त्याला लागली होती.

"ह्यो कुठं ठेवायचा, ताई?"

विद्याश्रीनं भिंतीकडे पाहिलं. एक खिळा मोकळा होता.

"तिथंच," ती म्हणाली. "बाजा परत येतो."