हाराची चिठ्ठी

भगवंत सराफानं जिलेबीचा तुकडा तोंडाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला. घिवलीच्या हंसाबाईंच्या मांडवात सोन्याचा हार ताटातून या बाईकडून त्या बाईकडे फिरत होता, आणि हाराला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती! साखरपुड्यात सासूनं सुनेला घालायचा हार आधी सगळ्या बायकांनी हाताळून बघायचा, ही तिथली रीत. कबूल. पण घरी नेल्यावर चिठ्ठी कापायची, एवढीही रीत नसावी?

चूक त्याचीच होती म्हणा. बोईसरच्या दुकानात वर्षभरापासून तो प्रत्येक चिठ्ठीवर दागिना कुठं घडला ते लिहीत असे. गिऱ्हाइकाला खरं सांगावं, गिऱ्हाईक खूश होतं, असं कुठल्याशा सभेत ऐकून आला होता. कसलं खूश अन् कसलं काय! दुबई दिसली की बायका हार गळ्याला लावून आरशात बघायच्या, जवळचं पाम गाव दिसलं की खाली ठेवायच्या. सोनं तेच, शिक्का तोच. पण पाम पडलं रिक्षाच्या अंतरावर. पामची भाजी चालते, हार नको.

हंसाबाई महिन्यापूर्वी दुकानात आल्या त्या धाकट्या जावेला, सलोनीला, घेऊन. सलोनीचा नवरा जहाजावर, तिच्या गळ्यात त्यानं आणलेला दुबईचा हार. हंसाबाईंनी नेमका पामच्या कारागिराचा हार पसंत केला आणि चिठ्ठी न बघताच विचारलं, दुबईचाच ना? भगवंतानं खरं सांगायला तोंड उघडलं, सलोनीकडे बघितलं, हातचं जाणारं गिऱ्हाईक बघितलं आणि मुकाट मान डोलावली. चिठ्ठी बदलायला मात्र हात धजला नाही. लिहिलंय ते तरी खरं आहे, एवढंच काय ते समाधान. शिवाय जन्मभर मासळी सुकवणारी बाई चिठ्ठी कशाला वाचते, असंही त्यानं मनाशी धरलं.

आणि आता हे! अर्धं दुकान घिवलीच्या जिवावर चालायचं. आज बिंग फुटलं की उद्यापासून घिवलीचं एक माणूस त्याची पायरी चढणार नव्हतं.

ताट सलोनीपाशी आलं. तिनं चिठ्ठी बोटांत धरली, डोळे बारीक केले.

“वयनी, यावर पाम लिवलंय. तुमी तर दुबईचा बोलल्या होत्या.”

 नवरी हेमांगीचे वडील एकनाथ पामचेच. सकाळपासून बिचारे खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसले होते. शेतीवाल्यांची पोर आमच्यात टिकेल काय, असं दोघी-तिघी त्यांच्या देखत बोलून गेल्या होत्या. आता गावाचं नाव निघालं तेही असं, म्हणून त्यांची मान आणखी खाली गेली. भगवंतानं ताटली ठेवली आणि चपला कुठं काढल्यात ते नजरेनं शोधलं.

हंसाबाईंनी हार हातात घेतला, पदरानं पुसला.

“सून पामची आणतेय, तर हार दुबईचा कशाला आणू?”

आणि चिठ्ठीसकट हेमांगीच्या गळ्यात घातला. एकनाथ उठून उभे राहिले.  मग खुर्चीत मागे रेलून नीट बसले. बायकांची एकच झुंबड उडाली, जिला तिला चिठ्ठी वाचायची होती. सलोनीनंसुद्धा कारागिराचं नाव विचारून घेतलं.

वाचलो बुवा, म्हणून भगवंतानं श्वास सोडला. तेवढ्यात हंसाबाईच पाण्याचा तांब्या घेऊन पुढ्यात आल्या. मी सांगणारच होतो, असं तो चाचरत सांगू लागला, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही. आवाज खाली आणला.

“चिठ्ठी कापायला काल कात्री घेतली, तवा वाचली. पयलं तुमाला चांगल्या शिव्या घातल्या. मंग त्या व्याह्यांचं तोंड डोळ्यासमोर आलं, कात्री ठेवून दिली.”

भगवंतानं हात जोडले.

“हात नका जोडू. मासळीवाली हाय म्हणून मला वाचता येत नाय, असं कोनी सांगितलं तुमाला, शेठ?”

आणि उत्तर घेतल्याशिवाय हलायचंच नाही, अशा बेतानं त्या समोरची खुर्ची ओढून बसल्या.