येते म्हणावं

माझ्या भावाची, श्रीकांतची तनू न्यू जर्सीहून एकटी यूके फिरायला येणार म्हटल्यावर मी यादी करायला बसले. मला कोणी सांगितलं नव्हतं. पण बेचाळीस वर्षं लंडनच्या पिनरमध्ये काढली, त्यातली तीस हॉस्पिटलात नर्स म्हणून, आणि अमेरिकन माणसं इथे येऊन काय वेंधळेपणा करतात ते मला चांगलं ठाऊक आहे. माझी भाची झाली म्हणून काय, तीही तिथेच जन्मलेली.

रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघ. तिकडचा हेअर ड्रायर आणू नकोस, इथल्या करंटवर जळेल. पँट्स म्हणू नकोस, ट्राउझर्स म्हण, पँट्स म्हणजे आतले कपडे. रविवारच्या ट्रेनचा भरवसा धरू नकोस. तिकीट मागताना वन-वे, राउंड ट्रिप करत बसू नकोस, इथे सिंगल आणि रिटर्न म्हणतात, आणि एकटीने फिरताना रिटर्नच काढ. असे तेरा मुद्दे. तिने सगळे फोनमध्ये उतरवून घेतले, हे तिचं कौतुक.

चौदावा मुद्दा मी तोंडी सांगितला. तीन दिवस माझ्याकडे राहून ती पाठीवर पिशवी अडकवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, मी जातो."

"जातो नाही, जाते. मुलगी ना तू?" मी म्हटलं. "आणि जाते म्हणायचंच नाही. निघताना येते म्हणावं."

"पण मी कमिंग नाही, गोइंग आहे."

"परत येते, असा अर्थ. आपल्या माणसांच्या घरातून उठताना येतेच म्हणायचं. जाते म्हटलं की संबंध संपला."

ती हसली आणि तेही फोनमध्ये टाकलं.

एक मुद्दा मात्र राहून गेला. अमेरिकेत फर्स्ट फ्लोर म्हणजे तळमजला. इथे, आपल्याकडच्यासारखाच, जिना चढल्यावर पहिला मजला. एवढी शहाणी मी, पण हे काही सुचलं नाही. सुचलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

वेल्समध्ये समुद्राकाठी एक लहान गाव आहे. नाव सांगत नाही, उगाच कोणी बघायला जाईल. तिथल्या बी अँड बीच्या, म्हणजे घरगुती लॉजच्या, मालकिणीने तनूला किल्ली दिली आणि सांगितलं, फर्स्ट फ्लोर, शेवटचं दार. तनू खालच्याच मजल्यावरच्या शेवटच्या दाराशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आत्या, गंमत सांगते. मी चुकीचा खोलीत गेला. आत एक मराठी आजी."

"चुकीच्या खोलीत गेले," मी म्हटलं. "मराठी? तिथे?"

खुर्चीत बसल्या होत्या म्हणे. इरकली साडी, वर कार्डिगन, पायात जाड मोजे. हिला बघून म्हणाल्या, आलीस? बस. त्यांचा मुलगा योएल डॉक्टर, पेशंटला बघायला गेलाय, येईलच. तनू दहा मिनिटं बसली आणि निघताना आठवणीने म्हणाली, येते हं. आजी म्हणाल्या, ये, वाट बघते.

"आय गॉट इट राइट, आत्या. त्यांना आवडला."

"आवडलं," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. आपले डॉक्टर एकेकाळी असल्या आडगावांतूनच नोकऱ्या करायचे, एखाद्याची म्हातारी आई मागे राहिली असेल.

मग ती चेस्टरला गेली. हॉस्टेलच्या रिसेप्शनवर तिला सांगितलं, तुझी आजी इथे येऊन विचारून गेली. यॉर्कला पुन्हा तेच. लाउंजमध्ये तासभर बसली होती, आत्ताच उठली. तनू माझ्यावर भडकली. "तू कोणाला पाठवते का, माझ्यावर लक्ष ठेवायला?"

"मला दुसरे उद्योग नाहीत?" मी म्हटलं. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तिच्या दोन्ही आज्या कधीच्या वारल्या आहेत.

गुरुवारी दुपारी ती एडिंबरामध्ये असायला हवी होती. तिचा फोन आला.

"आत्या, मी परत आजींकडे आले आहे. खोली झाडली, पलंग भिंतीला सरकवला, पांघरूण उन्हात घातलं. आता त्यांचा जरा डोळा लागलाय. रविवारचं विमान मी घेत नाही, श्रीकांतला कळव."

मी जिन्यावरच बसले. खोली झाडली, पलंग सरकवला, पांघरूण घातलं. बावीस वर्षं जिची तिन्ही लिंगं मी दुरुस्त करत आले, तिचं एकही चुकलं नव्हतं. आणि स्वतःच्या बापाला ती नावाने हाक मारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळची ट्रेन पकडून दुपारी मी तिथे पोचले. मालकीण बिचारी काळजीत होती. तिने वरची खोली दिलेली असताना पोरगी दिवसभर त्या अडगळीत बसते म्हणाली. कोणी राहत नाही हो तिथे, मोडक्या खुर्च्या आणि बॅगा आहेत. फार पूर्वी हे घर एका भारतीय डॉक्टरचं होतं, ज्यू होते ते लोक. म्हातारीचे गुडघे गेलेले, म्हणून ती खाली राहायची. एका दुपारी डॉक्टर व्हिजिटला गेला आणि कड्यावरच्या रस्त्यावरून त्याची गाडी खाली गेली. त्यानंतर अकरा वर्षं ती दाराकडे तोंड करून बसून होती.

दाराच्या चौकटीवर एक लहानशी तिरकी डबी होती, रंगाचे थरावर थर बसलेली. मुंबईत आमच्या शेजारच्या बेने इस्रायली घराला तशीच होती. मी दार लोटलं.

तनू एका बॅगेवर बसली होती, समोरच्या जुन्या आरामखुर्चीकडे बघत, मांडीवर घडी घातलेलं पांघरूण. खुर्चीत कोणी नव्हतं. खुर्चीची गादी मात्र कोणी बसल्यासारखी दबलेली होती. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

"तनू, चल."

"कशी येऊ? येते म्हणून शब्द दिला होता," ती शांतपणे म्हणाली. "त्या वाट बघत होत्या. त्यांच्याकडे कोणी परत आलं नव्हतं."

मला स्वतःचाच असा राग आला. मीच शिकवलं होतं. मी तिची हनुवटी धरली, लहान मुलाला औषध पाजताना धरतात तशी. "तनू, जाते म्हण."

"तसं म्हणू नये."

"मी सांगते ना. म्हण."

तिने मांडीवरचं पांघरूण खुर्चीच्या हातावर ठेवलं. "आजी," ती म्हणाली, "मी जाते."

गादी हळूहळू वर आली, माणूस उठल्यावर येते तशी. तनूने इकडेतिकडे पाहिलं आणि डोळे चोळले. "आत्या? तू इथे कसा? माझा बॅग कुठे आहे?"

जन्मात पहिल्यांदा मी तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही. मला रडू फुटलं होतं. तिला पुढे घालून मी बाहेर काढलं आणि दार ओढून घ्यायला वळले. म्हातारीचं घर, आपल्या भाषेचं, आणि साठ वर्षांची जिभेची सवय. तोंडातून निघून गेलं, "येते हं."

दाराच्या अगदी मागून आवाज आला, "ये. वाट बघते."

तनू रविवारी सुखरूप घरी पोचली. मी पिनरला परत आले. लायब्ररीतली मुलगी म्हणाली, तुमच्या आई आत्ताच विचारून गेल्या. डेंटिस्टकडे तेच. मी दुर्लक्ष केलं. अडुसष्ट वय माझं, मी काय कोणाला घाबरणार. पण मंगळवारी तनूचा फोन आला. "आत्या, काहीतरी विअर्ड झाला. माझ्या बिल्डिंगच्या डेस्कवर एक आजी विचारत होत्या, तनूची आत्या इथे आली का."

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. माझा शोध घेत ती पुन्हा पोरीच्या दारात पोचली होती.

आज दुपारी स्टेशनवर त्या गावाचं तिकीट मागितलं. खिडकीतल्या माणसाने विचारलं, सिंगल की रिटर्न? मी सिंगल म्हटलं. मला दारातून नुसतं जाते म्हणून मागे फिरता आलं, तर तिथून परतीचं तिकीट मिळतंच. पण अकरा वर्षं वाट बघितलेल्या बाईला तोंडावर तसं म्हणायला जीभ रेटेल की नाही, हे मला माहीत नाही.

ट्रेन सुटल्यावर मी तनूला फोन केला. नाश्ता केलास का, थंडी आहे का, असं इकडचं तिकडचं बोलले. मग मुद्दाम म्हटलं, "ठेवते आता. जाते मी."

तनू हसली. पहिल्यांदाच ती माझी चूक पकडत होती.

"येते म्हणावं, आत्या," ती म्हणाली.