पुढचा कार्बोरेटर

आमच्या गॅरेजला किल्ल्या दोन. एक यांच्याकडे आणि दुसरी माझ्या धाकट्या भावाकडे. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या दुसऱ्या किल्लीवरून झालं.

गाडी माझ्या वडिलांची. इंग्रजी बनावटीची, कापडी टपाची, गडद हिरवी, आणि बसायला जागा दोघांनाच. चाकांना सायकलीसारख्या तारा. चाक काढायचं तर मधल्या मोठ्या नटाला तांब्याच्या हातोडीनं ठोकायचं. साधे पाने हिच्या नटांना बसत नाहीत, हिचे पाने वेगळे, इंचांच्या मापाचे. आणि तेल! उभी राहिली की गळणार. खाली पत्र्याची ताटली ठेवलेली असते. वडील म्हणायचे, "गळतंय तोवर काळजी नाही. गळायचं थांबलं तर समजा, आत उरलेलंच नाही."

वडील गेल्यावर गाडी रीतीनं भावाकडे जायची. पण भाऊ पडला रंगारी, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याला शिडी आणि डबे न्यायला टेम्पो लागतो. तो यांना म्हणाला, "दाजी, हिला तुम्हीच सांभाळा. मला ब्रश जपता जपता पुरेवाट होते." फक्त शिडी आमच्या गॅरेजमध्ये ठेवायची म्हणून एक किल्ली त्याच्याकडे राहिली. आईवडिलांमागे माझं माहेर म्हणजे हा एवढा एक भाऊ. शिडी न्यायला यायचा, स्वयंपाकघरात डोकावून "ताई, काही शिल्लक आहे का?" विचारायचा, आणि तेवढ्यानं माझा दिवस साजरा व्हायचा.

यांचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एकेक भिंग घालायचं, काढायचं आणि विचारायचं, "हे स्पष्ट, की ते? घाई नाही. पुन्हा बघा. हे, की ते?" घरी आले की जेवताना एक ठरलेलं प्रवचन. "माणूस आधी दिव्याला नावं ठेवतो, मग कागदाला, मग छापणाऱ्याला. स्वतःच्या डोळ्यापाशी येतो तो सगळ्यात शेवटी." इतक्या वेळा ऐकलंय की आमटी वाढताना पुढचा शब्द मीच सांगू शकते.

रविवारची सकाळ मात्र गाडीची. हिच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर, एक पुढे, एक मागे. हवा आणि पेट्रोल कालवून इंजिनाला भरवणारी ही दोन तोंडं. दोघांनी श्वास सारखा ओढायला हवा. एकानं हावरटपणा केला की इंजिन लंगडतं. तो श्वास ऐकायला हातभर रबरी नळी असते. तिचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला. आत सूं करून आवाज येतो. कार्बोरेटर आहेत त्या बाजूला उभं राहिलं की पुढचा डाव्या हाताला येतो, मागचा उजव्या. म्हणून वडील पुढच्याची नळी डाव्या कानाला लावत, मागच्याची उजव्या. यांनी ती लकब जशीच्या तशी उचलली. कमी पडेल त्याचा स्क्रू जरासा उघडायचा, की झालं.

तर एकदा गाडी मिस्त्रीकडून नीट होऊन आली. शनिवारी संध्याकाळी घरी येताना अशी चालत होती, जणू लोण्यातून सुरी. रविवारी सकाळी यांनी नळी लावली आणि तसेच वाकून राहिले.

"अगं, इकडे ये. पुढचा मंद झालाय."

"कालच तर मिस्त्रीनं बसवला ना?"

"तेच म्हणतोय. काल बरोबर होता. रात्रीतून कुणीतरी स्क्रूला हात लावलाय."

"कोण लावेल?"

यांनी नुसतं दाराच्या कुलपाकडे पाहिलं. मला कळलं. त्याच महिन्यात एक जण गाडी बघून, "विकणार का?" असं विचारून गेला होता, आणि भाऊ हसत म्हणाला होता, "विका दाजी, किती दिवस हिची बाळंतपणं करणार?" तेव्हा हेही हसले होते. आता तेच बोलणं यांना वेगळं ऐकू येत होतं.

यांनी पुढच्याचा स्क्रू उघडला, मागच्याचा दाबला, आणि आम्ही फेरी मारायला निघालो. गाडी अशी थरथरत होती की माझ्या बांगड्या वाजत होत्या.

"मिस्त्रीकडून येताना किती छान चालत होती," मी म्हटलं.

स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मी यांच्या डाव्या अंगाला. पुलापर्यंत मी तीन-चार गोष्टी बोलले. एकीलाही उत्तर नाही. समोर बघत स्वतःशीच गुणगुणत होते. मला वाटलं, भावाचा राग आता माझ्यावरही निघतोय.

संशयाला कोपऱ्यात बसायला जागा दिली की तो लवकरच घरभर पाय पसरतो. गाडी पुन्हा मिस्त्रीकडे गेली. त्यानं त्याच्या काचेच्या नळीचं माप लावून दोन्ही कार्बोरेटर सारखे केले. रविवारी सकाळी पुन्हा पुढचा मंद! हे आता जेवताना प्रवचनही करीनात. रेडिओ खुर्चीच्या उजव्या बाजूला ओढून घेतला होता, त्याच्याकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ. मागून हाक मारली तर दुसऱ्या हाकेला "काय?" आणि तेही वसकन.

आणि मग माझ्याही मनात पाल चुकचुकली. हे दुकानात गेलेले असताना भाऊ गॅरेजमधून बाहेर पडला. शिडी खांद्यावर नव्हती. हातात डबा, त्यावर फडकं झाकलेलं.

"काय रे, शिडी नाही नेलीस?"

"आज नको होती, ताई."

"मग आत कशाला गेलास?"

"असंच गं. काय पोलिसासारखी विचारतेस?" आणि न जेवता सटकला. माझा भाऊ, न जेवता! त्याच्या बाहीला पेट्रोलचा वास येत होता. हे मी यांना सांगितलं नाही. सांगितलं तर भाऊ जातो, न सांगितलं तर नवऱ्याशी लपवाछपवी. इकडे आड, तिकडे विहीर. देवासमोर हात जोडले तर प्रार्थनासुद्धा धड सुचेना. चोर सापडू दे म्हणू, की सापडू नको दे म्हणू?

तिसऱ्यांदा गाडी मिस्त्रीकडे निघाली तेव्हा यांनी मला मुद्दाम सोबत घेतलं. जाताना मुलीची नखांना लावायच्या लाल रंगाची जुनी बाटली खिशात टाकली. मिस्त्रीनं मापं लावून दोन्ही कार्बोरेटर बसवले. मग यांनी बाटली पुढे केली.

"साहेब, हे काय? गाडीचं लग्न आहे का?" मिस्त्री म्हणाला.

"दोन्ही स्क्रूंवर एकेक ठिपका दे. अर्धा स्क्रूवर, अर्धा बाहेर. कुणी केसभर फिरवला तरी तडकला पाहिजे."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यानं ठिपके दिले.

येताना हे वाटेत उतरले आणि नवं कुलूप घेऊन आले. मग घरापर्यंत एकच बोलले, "उद्या सकाळी त्याला बोलव. ठिपका तडकलेला असेल तर हे कुलूप लागेल, आणि तुझ्या भावानं पुन्हा या घराची पायरी चढायची नाही."

त्यावर पुलाजवळच्या वळणावर मी जे बोलले ते शेवटी सांगते. यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. गुणगुणत राहिले.

रविवारी भाऊ आला. हाताला निळा रंग, चेहऱ्यावर झोप. कामाच्या मेजावर वेष्टनातलं कुलूप पाहिलं आणि त्याची झोप उडाली.

"दाजी, हे कशाला?"

"कळेल," हे म्हणाले. इंजिन सुरू करून गरम होऊ दिलं, हवेच्या गाळण्या काढल्या, आणि विजेरीच्या उजेडात वाकून दोन्ही स्क्रू पाहिले. बराच वेळ पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"शाबूत आहेत," हे म्हणाले, आणि तोंड जरा उतरलंच. चोरासाठी दबा धरून बसलेल्याला चोर न आल्याचंही वाईट वाटतं. माझ्या जिवात मात्र जीव आला.

मग यांनी नळी घेतली. मागच्याला लावली, उजव्या कानाशी धरली. पुढच्याला लावली, डाव्या कानाशी धरली. कपाळावर आठ्या चढल्या.

"पुढचा मंद आहे."

"कसा असेल?" मी म्हटलं. "ठिपका तर शाबूत आहे."

"आहे."

"मग स्क्रू फिरला कसा?"

हे एकदम भावाकडे वळले. "मिस्त्री! तू मिस्त्रीला फितवलंस. त्यानं मुळातच चुकीचा बसवला."

"मिस्त्रीला? अहो, तो माझं तोंड बघत नाही! त्याच्या पाटीवर मी गाडी काढली, ती लोकांना म्हैस वाटते म्हणून गेलं वर्षभर बोलत नाही तो! आणि फितवू कशाला? कसला स्क्रू? झालंय काय?"

"रात्रीचा येऊन माझा कार्बोरेटर बिघडवतोस. मी कंटाळून गाडी विकावी म्हणून."

भाऊ बघतच राहिला. मग माझ्याकडे वळला. "ताई, तुलाही असंच वाटतं?"

मी यांच्या हातातली नळी घेतली. इतकी वर्षं ही गाडी या घरात, पण नळी मी कधी कानाला लावली नव्हती. पुढच्याला लावली. सूं. मागच्याला लावली. सूं. तांदूळ पाखडताना दोन सुपांचा यावा तसा एकसारखा आवाज.

"सारखेच आहेत हो."

"तुझा कान तयार नाही."

भावानं ऐकलं. "सारखेच आहेत, दाजी."

"तू तिचा भाऊ, ती तुझी बहीण. तुम्ही एकाच सुरात बोलणार!"

मी नळीचं एक टोक भावाच्या हाती दिलं. "हे पुढच्याच्या तोंडाशी धर. हलवू नकोस." दुसरं टोक घेऊन मी यांच्या मागे गेले आणि डाव्या कानाला लावलं.

"हे..."

मग तेच टोक उजव्या कानाला लावलं.

"...की ते?"

यांनी मान तिरपी केली.

"घाई नाही," मी म्हटलं. "पुन्हा बघा. हे, की ते?"

तिसऱ्या खेपेला यांनी डोळे मिटले. नळी माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच एका कानाला लावली, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. मग हात लांब करून इंजिन बंद केलं. खाली ताटलीत तेलाचा थेंब पडला, तो मला आणि भावाला ऐकू आला.

"आधी दिवा..." हे हळूच म्हणाले आणि तिथंच थांबले. पुढचं वाक्य मला पाठ होतं. पण त्या सकाळी ते माझ्यानं म्हणवेना.

भावाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो हसला नाही, यासाठी मी त्याची जन्माची ऋणी आहे. उलट कान खाजवत म्हणाला, "दाजी, एक गुन्हा मात्र माझा आहे. तुमच्या डब्यातलं पेट्रोल नेतो मी. ब्रश धुवायला. ताईनं परवा पकडलंच होतं जवळजवळ."

"माहीत आहे," हे म्हणाले. "डबा हलका लागतो. हात अजून शाबूत आहेत माझे."

"मग बोलला का नाहीत?"

"तेवढं काय बोलायचं घरच्या माणसाला?"

हे बोलून गेले आणि स्वतःचंच वाक्य यांना लागलं. फडक्यानं नळी पुसली, दोनदा पुसली, आणि भावापुढे धरली.

"पुढच्या रविवारपासून ऐकायचं तू. स्क्रू मी फिरवीन. लवकर ये, अकराला उठून येऊ नकोस."

"आणि ते कुलूप?"

"लावून टाक. जुनं गंजलंय. त्याच्या दोन किल्ल्या आहेत, एक तुझ्याकडे ठेव."

त्या दिवशी भाऊ जेवून गेला. चांगला तीनदा वाढून घेऊन गेला. कानाच्या डॉक्टरकडे दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं, तेही त्यानंच ठरवलं.

संध्याकाळी आम्ही दोघं फेरीला निघालो. स्क्रूंना कुणी हात लावला नव्हता, गाडी पुन्हा लोण्यातून चालत होती. पुलाजवळच्या वळणावर यांनी वेग कमी केला आणि मान पूर्ण माझ्याकडे वळवली.

"अगं, इतके दिवस तू इथं बसून माझ्याशी बोलत होतीस का?"

मी मान हलवली.

"काल याच वळणावरसुद्धा तुझे ओठ हलताना दिसले होते. काय म्हणत होतीस?"

काल मी म्हटलं होतं, माझ्या भावाला दार बंद करणार असाल तर त्याच्यामागून मीही चालले, मग बसा तुमच्या गाडीला कवटाळून. आयुष्यात यांना इतकं लागेलसं कधी बोलले नव्हते. भगवंतानं यांचा एक कान घेतला म्हणून सकाळपासून मी मनातून त्याच्यावर रुसून होते, आणि त्याच कानानं माझे ते शब्द बाहेरच्या बाहेर अडवले होते.

मी त्यांच्या खांद्यावरून वाकले आणि उजव्या कानाशी तोंड नेलं.

"समोर बघून चालवा, असं म्हणत होते."