नऊ फुटांवरची तुळई

मी एका चौकटीला रंधा मारत बसलो होतो, तेवढ्यात थोरली वहिनी पडवीत येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, पायात चपला नाहीत.

"मिस्त्री, ओळंबा घ्या आणि चला."

"कुठं?"

"आमच्या कोठारात. भाऊजी सकाळीच शहरात गेलेत, यंत्राचे पट्टे आणायला. उद्या संध्याकाळशिवाय येत नाहीत. तेवढाच वेळ आहे आपल्याकडं."

'आपल्याकडं' म्हणाली ती. मी तो शब्द ऐकला. आणि ओळंबा उचलला.

आता हे कोठार काय चीज आहे ते सांगतो. दगडाच्या दोन लांब भिंती, वर कौलं, आढं जमिनीपासून सोळा फूट. दार भलं मोठं, साडेबारा फुटांचं. पूर्वी गाडी दारात लावायची आणि चारा थेट माळ्यावर फेकायचा, म्हणून दार उंच. पण आत शिरलं की नऊ फुटांवर माळा आणि माळ्याच्या पोटात दोन आडव्या तुळया, या भिंतीतून त्या भिंतीत गेलेल्या. कौलांचा भार भिंतींना सतत बाहेर ढकलत असतो, आणि तुळया त्यांना आत ओढून धरतात. माझ्या बापानं बसवल्या होत्या त्या. दोघा भावांच्या वाटणीत कोठार थोरल्याकडं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याकडं आलं, रस्त्याकडचं पत्र्याचं शेड धाकट्याकडं.

दोन वर्षांपूर्वी धाकट्यानं हार्वेस्टर घेतला. लालभडक, बैलगाडीच्या चौपट, वरच्या दाण्यांच्या टाकीच्या टोकापर्यंत बारा फूट. गावात तसलं यंत्र पहिलंच. पण आणलं आणि मग ध्यानात आलं की शेड नऊ फुटांचं. एक पावसाळा यंत्र ताडपत्रीखाली काढलं. उंदरांनी वायरी खाल्ल्या, पट्टे कुजले. मग धाकट्याची नजर भावाच्या कोठारावर गेली.

"दादा, तुझं दार उंच आहे. तेवढा माळा उतरवला की झालं," तो म्हणाला. थोरला म्हणजे देवमाणूस. त्याला नाही म्हणता येत नाही, कधी आलंच नाही. म्हणाला, "उतरवू की."

माळ्याचा मधला खांब आधी काढावा लागणार होता, म्हणून मी माझे सहा टेकू लावून दिले. खांब काढला. दुसऱ्या दिवशी थोरला फळ्या उतरवणार होता. त्या संध्याकाळी धाकटा माझ्याकडं आला.

"मिस्त्री, तुझे टेकू घेऊन जा. उद्या यंत्राची जागा आखायचीय, मध्ये येतात."

"अरे, पण माळा अजून वरच आहे. फळ्या उतरल्या की नेतो."

"मी दादाला सांगतो ना. आधी तुळईला दोर बांधायला सांगतो. तू ने."

मी नेले. धाकट्याकडून मला वर्षभर काम मिळायचं, म्हणून नेले. दुसरं कारण नाही, उगाच कशाला लपवू.

त्यानं दादाला सांगितलं नाही. विसरला की आळस केला, देव जाणे. सकाळी अंधूक उजेडात थोरला वर चढला आणि माळ्यासकट खाली आला. कंबर मोडली. आठ आठवडे इस्पितळात, आणि त्यानंतर खाटेवर. तेव्हापासून तो खाट सोडून उठलेला नाही.

धाकट्यानं गावभर काय सांगितलं? "दादानंच टेकू काढले. मी बजावलं होतं. घाई नडली त्याला." मी हे गिरणीत ऐकलं. पीठ घेतलं आणि घरी आलो.

थोरला इस्पितळात असताना धाकट्यानं दोन्ही तुळया कापल्या आणि यंत्र आत घातलं. वहिनी नवऱ्याला घेऊन परतली तेव्हा चाऱ्याच्या जागी ते लाल धूड उभं. मी तिथंच होतो. ती नुसती कापलेल्या तुळयांच्या भिंतीतल्या खुंटांकडं बघत राहिली. तेव्हापासून ती त्याला "भाऊजी, चहा घ्या" म्हणत राहिली, आणि तो चहा पीत राहिला.

तर मी ओळंबा लावला. रस्त्याकडची भिंत चार बोटं बाहेर कलली होती. वरच्या कोपऱ्यातल्या भेगेत माझा अख्खा पंजा गेला.

"वहिनी, हे पावसाळा काढत नाही."

"ठाऊक आहे. तुळया परत घाला. होत्या तिथंच, होत्या त्याच उंचीवर."

मी यंत्राकडं बघितलं. एक तुळई येणार दार आणि यंत्राच्या तोंडाच्या मधोमध. दुसरी त्याच्या शेपटावरून, तिथं ते बुटकं होतं. दोन्ही नऊ फुटांवर. यंत्र बारा फूट.

"मग हे बाहेर कसं निघणार?"

"ते मला का विचारता? मी माझं घर सावरतेय."

"पुढच्या आठवड्यात कापणी आहे. सगळा गाव याच्यावर अवलंबून आहे. माझा गहूसुद्धा."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खालीच बघितलं. "मिस्त्री, त्या दिवशी आमचे हे पडले तेव्हा तुमचे सहा टेकू तुमच्या पडवीत उभे होते. मी दूध घालायला आले होते तुमच्याकडं, बघितले होते मी. ह्यांनी टेकू काढले म्हणता ना सगळे? मग ते रात्रीतून चालत आले का तुमच्या दारात?"

 सहा महिने बाई हे पोटात घेऊन फिरत होती, आणि माझ्या बायकोशी हसून बोलत होती.

"तुळया कुठल्या लाकडाच्या घालू?" मी विचारलं.

"जाड. आरीचे दात बोथट होतील अशा."

गिरणीवाल्याचे दोन हमाल घेतले. चेन-पुलीनं भिंती आत ओढल्या, इंचाइंचानं. कौलं कडकड वाजत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही तुळया भिंतीत बसल्या, टोकांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या. इतकं चोख काम मी बापाच्या हाताखालीही केलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, पुढची तुळई बसली तेव्हा मला मनातून बरं वाटलं.

धाकटा आला तो थेट कोठारात शिरला नाही. पट्टे घरीच ठेवले. कापणीच्या दिवशी सकाळी आला, किल्ली फिरवली, यंत्र घुरघुरलं, आणि मग त्याला समोर तुळई दिसली. यंत्र बंद झालं. पहिल्यांदा शिव्या ऐकू आल्या, मग माणूस बाहेर आला.

"कोणी केलं हे?"

"मी," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला.

"आरी आण! आत्ता काप!"

"कापतो. पण सगळ्या कौलांचा ताण आता तिच्यावर आहे. ती कापली की भिंत फाकते आणि छप्पर तुझ्या यंत्रावर बसतं. तू आत बसणार असशील तर तुझ्यावरही."

वहिनी ओसरीवरून उठून आली. "भाऊजी, ओरडू नका. ह्यांचा डोळा लागलाय."

"वहिनी, हा काय खेळ मांडलाय? यंत्र कसं काढू?"

"बारा फुटांचं आहे ना? नऊचं करा. टाकी उतरवा, दाणे ओतायचा नळा उतरवा, वरची केबिन उतरवा. सुटं करा आणि न्या."

"तीन दिवस जातील! गाव वाट बघतंय!"

"मग लगेच लागा की. पण एकट्यानं. माझ्या कोठारात दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही. मिस्त्री तेवढे चालतील."

तो तावातावानं निघून गेला. त्या दिवशी यंत्राला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मावळतीकडं ढग उठले, काळे, खालून पिवळट. वाऱ्याला ओल्या मातीचा वास यायला लागला. गिरणीवाला चार जणांना घेऊन वहिनीच्या दारात आला.

"वहिनी, तुमचं भांडण तुमच्या घरात ठेवा. आमचा गहू का मारता?"

"माझाही उभाच आहे. दोन एकर."

"म्हणूनच म्हणतो, एवढं वाकड्यात शिरू नका."

"आमचे हे पडले तेव्हा तुम्ही काय म्हणालात? घाई नडली. गिरणीत बसून म्हणालात. मग आता घाई करू नका."

 आतून, खाटेवरून थोरल्याचा आवाज आला. "अगं, सोड ना. भाऊ आहे माझा."

"तुमचा भाऊ आहे. माझा नाही," ती न वळता म्हणाली.

मग ते पाचही जण धाकट्याकडं गेले. तिथं काय बोलले ठाऊक नाही, पण दुपारी तो पान्यांची पेटी घेऊन आला. तोंड सुजल्यासारखं झालेलं, डोळे लाल.

रात्र पडेपर्यंत तो नटबोल्ट काढत राहिला. गंजलेले, एकेक बोल्ट हलायला अर्धा तास. वहिनीनं दारात पाट टाकला आणि बसून राहिली. चहा विचारला नाही. नळा उतरला, केबिन उतरली. तिसऱ्या दिवशी सकाळी उरली टाकी. ती सगळ्यात अवघड. मी चेन-पुली मागच्या तुळईला अडकवली, टाकीचा भार थोडा उचलून धरला, आणि खाली दोन टेकू लावले. माझेच. शेवटचे चार बोल्ट टाकीच्या पोटाखाली होते. धाकट्याला आडवं होऊन आत सरकावं लागलं.

तोवर दारात वीसेक माणसं जमली होती.  ढग अगदी कौलांवर आले होते.

वहिनी उठली, आत आली, आणि एका टेकूवर हात ठेवून उभी राहिली. ढकलला नाही, हलवला नाही. नुसता हात ठेवला.

"भाऊजी."

पाना थांबला.

"वर बघा. टेकू आहेत का नाहीत, नीट बघून घ्या. नंतर कोणी म्हणायला नको की तुम्हीच काढले."

टाकीखालून नुसता श्वास ऐकू येत होता. माझ्या हातात साखळी होती, ती मी मनगटाला एक वेढा देऊन घट्ट धरली.

"वहिनी," धाकटा म्हणाला. "हात काढा."

"काढते. आधी सांगा, त्या दिवशी टेकू कोणी काढायला लावले?"

"वहिनी, पाया पडतो तुमच्या..."

"पाया पडू नका, आडवे आहात. मोठ्यानं सांगा. खिडकी उघडी आहे, ह्यांना ऐकू जायला पाहिजे."

"मी," तो म्हणाला. मग रडतच ओरडला, "मी काढायला लावले! दादाला सांगायचं राहिलं माझं! राहिलं!"

वहिनीनं हात काढला आणि माझ्याकडं वळली. "आणि उचलून कोणी नेले?"

वीस माणसं. माझी बायकोही त्यात. "मी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, आणि जाऊन पाटावर बसली.

टाकी उतरली. टायरांमधली हवा कमी केली, आणि टोपण काढलेल्या डब्यासारखं ते यंत्र तुळईखालून एका बोटाच्या अंतरानं बाहेर गेलं. चौकात नेऊन परत जोडायला घेतलं तेवढ्यात पहिली गार पडली. लिंबाएवढी. मग पाऊस, संध्याकाळपर्यंत. सगळ्या शिवारात गहू झोपला. धाकट्याचा, गिरणीवाल्याचा, माझा, तिचा.

पाऊस थांबल्यावर मी तिच्या घरी गेलो. थोरला खिडकीशी उशीला टेकून बसला होता. ती त्याचे पाय चोळत होती.

"ऐकलंत ना सकाळी?" तिनं विचारलं.

"मला ठाऊकच होतं," तो म्हणाला.

तिचे हात थांबले.

"पडलो तेव्हा शुद्धीत होतो मी. आजूबाजूला एकही टेकू नव्हता. मी काढले नव्हते, हे मला नाही तर कोणाला ठाऊक असणार?"

"मग सहा महिने बोलला का नाहीत?"

"तू काय करशील ते ठाऊक होतं." तो बाहेर बघत होता. "गावाचा गहू गेला ना."

 मला वाटलं, आता ती रडेल. ती उठली, तेलाची वाटी कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, "बोलला नाहीत ते बरं केलंत. मी त्याच दिवशी काहीतरी केलं असतं, आणि ते एवढं नीट झालं नसतं."

दुसऱ्या दिवशी चिखलात यंत्र चालणार नव्हतं. लोक विळे घेऊन उतरले, जे वाचेल ते वाचवायला. जाताना वहिनीच्या बांधावरून जात, पण कोणी तिच्याकडं बघत नव्हतं. ती एकटी कापत होती, गुडघाभर चिखलात, आडवा झालेला ओला गहू एका हातानं उचलून.

धाकटा विळा घेऊन बांधावर येऊन उभा राहिला.  मग म्हणाला, "वहिनी, त्या टोकाकडून धरू का मी?"

"नको." तिनं पाठ सरळ केली नाही. "घरी जा. तुमच्या हातचा एक दाणा माझ्या घरात यायला नको."

तो गेला. माझा स्वतःचा गहू पलीकडं पडला होता, आणि मी तिकडंच निघालो होतो. तिनं मान वर केली.

"मिस्त्री, तुम्ही कुठं चाललात? या. त्या टोकाकडून धरा."

मी चपला बांधावर काढल्या आणि चिखलात उतरलो. किती दिवस कापायचं, ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.