शिंगाचं वाघनख

मी एक जुनं वाघनख आहे, मित्रांनो, असं सांगून मला विकलं गेलं. खरं तर मी जुना नाही आणि वाघाचाही नाही. गोरेगावच्या एका तबेल्यात एक म्हैस होती, तिच्या डाव्या शिंगाचं मी टोक. म्हैस गेली, मी उरलो. ते कसं असतं, विचारू नका. अजून कधीकधी अंगावर माशी बसल्यासारखं वाटतं आणि हलवायला मान सापडत नाही.

एका माणसाने मला कानशीने घासलं, बाक दिला, चहाच्या पाण्यात उकळलं, वर तेल चोळलं. त्याच्या हातात कला होती, हे कबूल करायला हवं. मग मी कुंडलिककडे आलो. तो बोरिवलीला रुद्राक्ष आणि खडे विकायचा. खास गिऱ्हाईक असलं की खिशातून लाल फडकं काढायचा. त्या फडक्यात आम्ही आठ जण होतो.

जानकीआजी त्याच्याकडे आल्या त्या नातीसाठी. मुलुंडला त्यांची सोसायटी जंगलाच्या भिंतीला लागून आहे. चार वर्षांच्या गार्गीने बाल्कनीतून बिबट्याला कुत्रं उचलून नेताना पाहिलं होतं. तेव्हापासून पोर सारखी दचकायची, जेवायची नाही. आजी मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्या लहानपणी आईने त्यांच्या गळ्यात वाघनख बांधलं होतं. भित्र्या पोराला वाघनख, एवढंच त्यांना ठाऊक.

"खरा आसा मा रे?"

"एकदम ओरिजिनल, आजी. पण कुठे बोलू नका. बंदी आहे. सापडलो तर मी पण आत, तुम्ही पण आत."

"माका शिकवू नको. बांध गुपचूप."

गंमत बघा. बंदी आहे म्हटल्यावरच त्यांचा विश्वास बसला. खोट्या वस्तूसाठी कोण कशाला तुरुंगाला घाबरेल? त्यांनी दोन बांगड्या मोडल्या आणि चांदीत मढवलेला मी गार्गीच्या गळ्यात गेलो.

गार्गी जेवू लागली, शांत झोपू लागली. सोसायटीतल्या बायका मला बोट लावून नमस्कार करत. हळूहळू मलाही वाटायला लागलं, असेन मी वाघ. कौतुकाने डोकं फिरतं, डोकं नसलं तरी.

एका संध्याकाळी आजी भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या. गार्गी एकटीच भिंतीकडे निघाली. खेळणाऱ्या मुलांचा आवाज एकाएकी थांबला, कुणीतरी वर झाकण ठेवावं तसा. कावळेही गप्प. भिंतीवर बिबट्या बसला होता.

गार्गी घाबरली नाही. तिने मला मुठीत धरून पुढे केलं. "ए, माझ्याकडे तुझा मोठा भाऊ आहे!"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मित्रांनो, त्याने मला ओळखलं. भाऊ म्हणून नाही, म्हैस म्हणून. मला नसलेले चारही पाय पळू लागले. पण दोरा पोरीच्या गळ्यात होता. त्याच्या नाकपुड्या हलल्या. पुढचा एक पंजा अगदी सावकाश भिंतीवरून खाली आला.

"गार्गीऽऽ!" आजींनी पिशवी फेकली आणि धावत येऊन तिला ओढलं. वॉचमनने गेटवर काठी बडवली. बिबट्या गेला. म्हणजे दिसेनासा झाला.

ओढाताणीत दोरा तुटला. मी दगडावर आपटलो, चांदी निखळली, टवका उडाला. गावी म्हशी राखलेल्या वॉचमनने मला उचलून उजेडात धरलं. "आजी, हे तर म्हशीचं शिंग आहे."

आजी मला घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथे शर्मिष्ठा राहते, ती वकील आहे.

"जानकीकाकू, बांगड्या विसरा. सौदाच बेकायदा. पैसे परत मागायला गेलात तर कोर्ट बहुतेक दारातूनच परत पाठवेल."

"बांगड्या गेल्यो खड्ड्यात. त्याच्यावर केस होतली की नाही?"

"होऊ शकते. तुम्ही चुकलात म्हणून त्याची फसवणूक माफ होत नाही. पण वाघनख समजून घेतलं, हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल. मग चौकशी तुमचीही होणार. आणि तपासणीत हे खरंच वाघाचं निघालं तर काकू, तुम्ही फिर्यादी नाही, आरोपी."

"वॉचमन म्हणता, म्हशीचा."

"वॉचमनच्या म्हणण्यावर केस चालत नाही हो. गप्प बसलात तर कुणाला काही कळणार नाही."

आजींनी मला पदराच्या गाठीत बांधलं. मग म्हणाल्या, "त्याच्या फडक्यात अजून सात होती गो. सात पोरा. भिवचा सोडून खंय चालत जातली, काय सांगाचा?"

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, "बंदी आहे हे माहीत होतं, आजी?" शर्मिष्ठाने त्यांचा हात हळूच दाबला.

"होता," आजी म्हणाल्या. "लिवा."

आता मी पाकिटात, तपासणीच्या रांगेत आहे, प्रयोगशाळेच्या एका बंद कपाटात. इथे आणखीही पाकिटं आहेत. बहुतेक जण माझ्यासारखेच, शिंगाचे, गप्पिष्ट. पण खालच्या खणातल्या एका पाकिटाच्या आतून कागदावर रेघ ओढल्याचा आवाज येतो. लांब, सावकाश. मग आम्ही सगळे चूप होतो. ते खरं आहे, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

मित्रांनो, गळ्यात कुणी काही बांधलं तर बांधू द्या, त्यात माया असते. पण तुमची भीती काढून कुणाला देऊ नका. तीच तुम्हाला भिंतीपासून मागे ओढते. आणि माझ्यासारखं काही विकत घ्यायला कुणी निघालं, तर त्यांना थांबवा. खोटं निघालं तर एक म्हैस आणि एक पोर फसतं. खरं निघालं तर एक वाघ मेलेला असतो.

पाकिटाला लाख लावण्याआधी आजी माझ्यावर वाकल्या होत्या. "म्हशीचाच अस रे बाबा," त्या कुजबुजल्या. जन्मात पहिल्यांदाच, मी जो आहे तोच निघावा म्हणून कुणीतरी देव पाण्यात घालून बसलं आहे.